मनाच्या आजाराची नवी गोळी आणि अंगावरचा पुरळ: पहिले आठ आठवडे काय बघायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या अलीकडे आमचं गाव. जुलैत आमच्याकडे कुणाच्या अंगाला काही झालं नाही असं घर सापडत नाही. रोप लावून लावून पायांना चिखल्या होतात, दिवसभर ओले कपडे अंगावर राहिल्याने जांघेत नायटा उठतो, बांधावरचं काँग्रेस गवत उपटलं की मानेला आणि हातांना खाज सुटते. उन्हाळ्यात काजूच्या बियांचा चीक लागून बोटं भाजतात ते वेगळंच. म्हणून २०१७ च्या जुलैत माझ्या धाकट्या भावाच्या छातीवर लालसर ठिपके दिसले तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. आई म्हणाली, "लावणीचं पाणी बाधलंय." मी मराठी शाळेत शिकवते, घरात चार बुकं शिकलेली मीच. मीही तेच धरून चालले.

तो तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याच्या आधी दोन महिने तो रात्र रात्र झोपत नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, ट्रॅक्टर विकून हॉटेल काढायला निघाला होता. डॉक्टरांनी बायपोलर आजार सांगितला आणि कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू केली. बाराव्या दिवशी ताप आणि घसादुखी. जवळच्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन दिलं. चौदाव्या दिवशी ठिपके. मेडिकलवाल्यांनी सेट्रिझिन दिली आणि बजावलं, "पित्त उठलंय. डोक्याच्या गोळ्या मात्र बंद करू नका, नाहीतर परत तसंच होईल." त्यांनी ते आमच्या काळजीपोटीच सांगितलं, आणि आम्ही ते ऐकलं. सतराव्या दिवशी सकाळी त्याचे ओठ रक्ताने चिकटले होते आणि डोळे उघडत नव्हते. "अक्का, अंग भाजतंय गं," एवढंच तो म्हणाला.

ती त्या गोळीची रिॲक्शन होती, तिच्यात कातडी आणि तोंडा-डोळ्यांची आतली बाजू सोलून निघते. त्या आजाराचं नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. तो २३ दिवस दवाखान्यात होता, आणि वाचला. तेव्हापासून मी एक वही ठेवते आहे. त्याला ज्यांनी वाचवलं त्या डॉक्टरांनी शिकवलेलं आणि वहीतून कळलेलं, इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. पण चौदाव्या दिवशी हे मला कुणी सांगितलं असतं तर त्याचे तीन दिवस वाचले असते, आणि या आजारात तीन दिवस फार असतात.

आधी गोळीचं खरं नाव

पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. खाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं नाव, आणि आपल्याला तेच हवं. एकाच औषधाला बाजारात दहा नावं असतात. बेळगावला लिहून दिलेली गोळी चंदगडला घेतली, किंवा निपाणीची माणसं कोल्हापूरला आणि अथणीची माणसं मिरजेला दाखवून गावात औषध घेतात, की नाव बदलतं आणि घरच्यांना वाटतं गोळी वेगळी आहे. ते बारीक नाव मुलाकडून वाचून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.

कोणत्याही औषधाने पुरळ येऊ शकतो, पण मनाच्या आजारांत ज्यांच्यावर सगळ्यात बारीक नजर हवी अशी दोन नावं आहेत: कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन. मूड वरखाली होऊ नये म्हणून ती देतात. दोन्ही मूळची फिटच्या आजाराची औषधं, त्यामुळे फिट येणाऱ्यांच्या घरीही ती असतात. तोंडावरच्या शिरेच्या कळांसाठीही कार्बामाझेपिन देतात. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या शंभरांतल्या दहाएक जणांना साधा पुरळ येऊ शकतो. जीवघेणा प्रकार मोठ्या माणसांत हजारात एखाद्याला होतो, लहान मुलांत त्याहून जास्त. कार्बामाझेपिनचा तसला प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत नव्याने औषध घेणाऱ्या दहा हजारांत १ ते ६ जणांना होतो, आशियातल्या काही देशांत त्याच्या दहापट.

हे आकडे मी घाबरवायला लिहिलेले नाहीत. ही औषधं घेऊन शेतं करणारे, संसार करणारे कितीतरी लोक आमच्या तालुक्यात आहेत, आणि बहुतेकांच्या अंगावर काहीही उठत नाही. पण हजारातला तो एक आपल्या घरात असला तर त्याला पहिल्या दिवशी ओळखता आलं पाहिजे.

गोळी लिहून देतानाच विचारायच्या गोष्टी

कार्बामाझेपिन लिहिली असेल तर विचारा, "सुरू करायच्या आधी एचएलए-बी १५०२ ची रक्ततपासणी करायची का?" २००४ साली तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं की या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या त्यांच्या ४४ च्या ४४ रुग्णांत हा एक जनुकप्रकार होता. २००७ पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना औषध देण्याआधी ही तपासणी करायला सांगितलं आहे. रक्ताचा नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो, निकालाला वेळ लागतो, खर्चही आहे. तरी विचारा. हा जनुक नसलेल्यांनाही पुरळ येऊ शकतो, त्यामुळे निकाल चांगला आला म्हणून पुढचं सगळं सोडून द्यायचं नाही.

लॅमोट्रिजिन असेल तर डोस कसा वाढवायचा ते तारखांसकट लिहून घ्या. मोठ्या माणसांना साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग डॉक्टर सांगतील तसं वर. सोबत व्हॅल्प्रोएट (मूडसाठी आणि फिटसाठीच देतात ती दुसरी गोळी) चालू असेल तर वेग निम्मा: पहिले दोन आठवडे एक दिवसाआड २५. व्हॅल्प्रोएटमुळे शरीरातलं लॅमोट्रिजिन लवकर बाहेर पडत नाही आणि साचत जातं. डोस घाईने चढवला की पुरळाचा धोका वाढतो, म्हणून "लवकर बरं वाटू दे" म्हणून घरच्या घरी एकाच्या दोन गोळ्या कधीच करायच्या नाहीत.

आता आमच्या भागातली एक गोष्ट. खानापूर तालुक्यातली निम्मी तरणी पोरं कामाला गोव्यात. चोर्ल्याच्या घाटाने गणपतीला घरी येतात आणि गोळ्या खोलीवरच राहतात. आठ-दहा दिवस खंड पडतो, आणि परत गेल्यावर जिथे सोडली तिथूनच पूर्ण डोस सुरू करतात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत हे चालत नाही. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला तर बहुतेक वेळा २५ पासून नव्याने चढावं लागतं. शरीर ती सवय विसरलेलं असतं, आणि एकदम २०० ची गोळी पोटात गेली की पहिल्या महिन्याइतकाच धोका परत येतो. सणाला निघताना बॅगेत आधी गोळ्या टाका. चुकल्याच तर परत सुरू करायच्या आधी फोन करा.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, आणि त्याचं उत्तर चिठ्ठीवरच लिहून मागा: "पुरळ दिसला आणि तुम्ही भेटला नाहीत तर पुढचा डोस थांबवायचा का?" आता ज्यांच्याकडे भाऊ दाखवतो त्यांनी मला लिहून दिलं आहे की कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन चालू असताना पुरळ दिसला, आणि त्याचं दुसरं ठाम कारण समोर नसलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दाखवायचं. बाकीच्या गोळ्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्याला हीच गोळी फिटसाठी चालू आहे त्याची ती एकाएकी बंद झाली तर फिट येऊ शकते. त्याने घरी वाट बघत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

रोज रात्रीची पाच मिनिटं

धोक्याचा बहुतेक काळ पहिल्या आठ आठवड्यांतला. तेवढे दिवस रोज रात्री जेवणाच्या आधी, चांगल्या उजेडात, अंग बघायचं. मी वहीत शाळेच्या हजेरीपटासारखे उभे रकाने पाडते: तारीख, कितवा दिवस, किती मिलिग्रॅम, ताप, अंग, तोंड, डोळे, नवीन काय. "कितवा दिवस" हा रकाना सोडू नका. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. "झाले असतील पंधराएक दिवस" या उत्तराचा डॉक्टरांना उपयोग नसतो.

छाती, पाठ, पोट बघा. साधा औषधी पुरळ बहुतेक छाती-पाठीपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा, गोवरासारखा. मग टॉर्च लावून तोंडात बघा: ओठांची आतली बाजू, गाल, जीभ, टाळू. डोळ्यांत लाली आहे का, उजेड सहन होतो का. मानेत आणि काखेत गाठी लागतात का. शेवटी लघवीला जळजळ होते का ते विचारा. हे विचारायला मला फार जड गेलं. भावाला तिथेही फोड आले होते आणि मोठ्या बहिणीला कसं सांगायचं म्हणून त्याने दोन दिवस लपवलं. आता ते विचारायचं काम मी माझ्या नवऱ्याकडे दिलं आहे. तुमच्या घरातही असं एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

ठिपके दिसले तर दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी पाच रुपयांचं नाणं धरून, म्हणजे उद्या वाढले की नाही ते कळतं. ज्या भागात पावसाळ्यात रेंज नसते तिथे व्हॉट्सॲपवर फोटो गेला की नाही याची खूण बघा. गोल फिरत राहिला असेल तर डॉक्टरांनी तो पाहिलेला नाही.

"नवीन काय" या रकान्यात नवीन साबण, डोक्याचा रंग, दुसरं कुठलंही औषध, पहिल्यांदा खाल्लेले खुबे-शिंपल्या, सगळं लिहायचं. पहिले तीन महिने शक्यतो नवीन काही सुरूच करू नका. त्याने पुरळ टळतो असं नाही, पण उठलाच तर कशाने उठला ते शोधताना घोळ होत नाही. तापासाठी परस्पर घेतलेल्या सल्फाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्यांनीही असाच पुरळ येतो, आणि मग दोष कुणाचा ते ठरत नाही.

खाज की आग

आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की चार-पाच नावं ठरलेली असतात, आणि नाव एकदा पडलं की उपचारही ठरतो. त्यामुळे त्या नावांशीच तुलना करून सांगते.

पित्त उठणं म्हणजे फुगीर, लाल, खाजणाऱ्या गांध्या. एक गांधी एका जागी सहसा २४ तासांहून जास्त टिकत नाही, इथली गेली की तिथे उठते. हे औषधानेही होतं. आमसुलाचं पाणी लावून बसू नका, डॉक्टरांना कळवा. त्यासोबत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर ताबडतोब १०८ ला फोन.

काँग्रेस गवताची ॲलर्जी चेहरा, पापण्या, मान, कोपराची घडी अशा जागी जास्त असते आणि दर वर्षी त्याच दिवसांत उसळते. काजूचा चीक आणि बिब्बा जिथे लागला तिथेच भाजतो. चिखल्या बोटांच्या बेचक्यांत होतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: जिथे काही लागलं तिथे ते उठतं. औषध पोटातून रक्तात जातं, त्यामुळे त्याचा पुरळ शर्टाखालच्या झाकल्या अंगावरही येतो. माझ्या भावाच्या छातीला लावणीचं पाणी लागलंच नव्हतं. मी तेवढं जरी मनाशी विचारलं असतं तरी पुरे होतं.

याला एक अपवाद आहे. क्लोरप्रोमाझिन नावाची जुनी गोळी घेणाऱ्यांची कातडी उन्हात लवकर भाजते, आणि ते भाजणं चेहरा, मानेचा पुढचा भाग, हातांची पाठ असं उघड्या अंगावरच दिसतं. अशा माणसाला उन्हाच्या कामात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल आणि दुपारची सावली द्या.

"आई आली" म्हणून कडुलिंबाचा पाला अंथरून, औषध न देता माणसाला निजवण्याची रीत आमच्याकडे अजून आहे. माझ्या आईचा देवीवर विश्वास आहे आणि मी त्याच्या आड येत नाही. देव्हाऱ्यात पाला ठेवू या, आणि माणूस गाडीत घालू या. दोन्ही होतं.

आता मुख्य खूण. साधा पुरळ खाजतो. घातक पुरळ दुखतो, भाजतो, हात लावू देत नाही. ठिपक्यावर काचेचा पेला दाबून धरा. दाबल्यावर लाली गेली तर एक वेळ थोडं बरं. जांभळट डाग तसाच दिसत राहिला, किंवा डागाच्या मध्ये काळपट आणि कडेला फिकट असं कडं दिसलं, तर थांबू नका. कातडी घासून, ओढून बघू नका. ती सुटत असेल तर तुमच्या हाताने आणखी सुटेल.

याच तासाला निघायचं कधी

नवी गोळी सुरू होऊन काही दिवस किंवा आठवडे झालेत आणि पुढचं काहीही एक दिसतंय: पुरळासोबत ताप, तोंडात, ओठांवर, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड किंवा सोललेपणा, अंग दुखणं-भाजणं, पाण्याचे फोड, चेहरा सुजणं, मानेत-काखेत गाठी, डोळे पिवळे. अशा वेळी पुढचा डोस नाही, आणि सकाळची वाटही नाही. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी नुसता ताप, घसादुखी, डोळ्यांत खुपणं असंही असतं. आपण त्याला फ्लू म्हणतो, डोळे आलेत म्हणतो. या आठ आठवड्यांत ताप आला तर कुठल्याही डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "याला इतक्या दिवसांपूर्वी ही नवी गोळी सुरू झाली आहे."

चेहऱ्याची सूज, गाठी आणि कावीळ हा दुसरा एक प्रकार आहे, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ड्रेस (DRESS) म्हणतात. तो उशिरा येतो, दोन ते आठ आठवड्यांनी, जेव्हा घरातले सगळे निश्चिंत झालेले असतात. त्यात यकृताला आणि मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिनने तो होतो, क्वचित ओलान्झापिन या मनाच्या आजाराच्या दुसऱ्या गोळीनेही. आमच्याकडे डोळे पिवळे दिसले की काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायला नेतात. या काविळीत यकृत आधीच औषधाने दुखावलेलं असतं, त्यावर आणखी काही घालू नका. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, त्यातल्या इओसिनोफिल आणि लिव्हरची तपासणी मागा. हा प्रकार गोळी बंद केल्यावरही काही आठवडे पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून घरी सोडल्यावरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

घरी काय लावू नये तेही सांगते. नायट्यासाठी आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. पुरळाचं रूप बदलतं आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही. हळद, राख, टूथपेस्ट नको. फोड फोडू नका. स्वच्छ, मऊ, सुती कापड पांघरा. गिळता येत असेल तर घोट घोट पाणी द्या.

दवाखान्यात

फोन करून आधी विचारा: "कातडीचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर आणि आयसीयू एका छताखाली आहे का?" नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी फक्त सलाइन लावून तिथूनच पुढे हलवा. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजांची मोठी रुग्णालयं आहेत. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर जवळ, रायबाग-अथणीकडच्यांना मिरज-सांगली. कुठे जायचं ते गोळी सुरू होते त्याच दिवशी ठरवून ठेवा, पावसात रात्री दोन वाजता नको.

सोबत गोळ्यांची सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा, वही, जुनी चिठ्ठी, आधार आणि रेशन कार्ड घ्या.

आणि भाषा. आमच्याकडे इनडोअर कागद कानडीत, चिठ्ठी इंग्रजीत, माणूस मराठीत कण्हतोय. कानडीत गोळीला गुळिगे म्हणतात आणि फोडाला गुळ्ळे. त्या दिवशी घाबरून मी एकाऐवजी दुसरा शब्द वापरला. सिस्टरांना वाटलं मनाच्या आजाराच्या पेशंटने खूप गोळ्या खाल्ल्यात, आणि पोट धुवायची तयारी सुरू झाली. एका मराठी वॉर्डबॉयने उलगडा केला, पण तोवर दहा मिनिटं गेली होती. तेव्हा हे शब्द पाठ करा: गुळिगे म्हणजे गोळी, गुळ्ळे म्हणजे फोड, तुरिके म्हणजे खाज, उरी म्हणजे जळजळ, ज्वर म्हणजे ताप, हुण्णु म्हणजे तोंडातला व्रण. "ई गुळिगे तगोंड मेले मैमेले गुळ्ळे एद्दावु": ही गोळी घेतल्यावर अंगावर फोड उठलेत. म्हणता म्हणता पाकीट पुढे करा आणि कातडीवर बोट ठेवा, म्हणजे शब्द चुकला तरी अर्थ चुकत नाही.

पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा, आणि ते येईपर्यंत विचारत राहा. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये पापणी आतून सोलते आणि बुबुळाला चिकटू लागते. कातडी महिन्याभरात भरून येते, डोळ्यांचं नुकसान मात्र जन्माचं राहू शकतं. आमच्याकडे डोळ्यांकडे तिसऱ्या दिवशी लक्ष गेलं. भाऊ आजही दिवसातून सहा वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालतो आणि ट्रॅक्टर चालवताना बाजूने बंद असलेला चष्मा लावतो.

कातडी किती सुटली यावर आजाराची पायरी ठरते. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांवर गेली तर टेन, म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, याच आजाराची सगळ्यात वरची पायरी. टेनमध्ये तीनात एक माणूस दगावतो. कारण असलेलं औषध जितक्या लवकर बंद होतं तितकी वाचण्याची शक्यता वाढते. अशा पेशंटला भाजलेल्या माणसासारखं सांभाळावं लागतं: पाणी, ऊब, जंतूंपासून बचाव. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना मी जिन्यातूनच परत पाठवत होते. काही जण अजून बोलत नाहीत.

बाकीची औषधं

इथे आम्ही दुसरी चूक केली, पहिलीइतकीच मोठी. घरी आल्यावर आईने मनाच्या आजाराची घरातली एकूण एक गोळी चुलीत घातली, आणि मी अडवलं नाही. दोन महिन्यांत त्याची झोप परत गेली. एका रात्री तो निघून गेला आणि तिसऱ्या दिवशी लोंढा स्टेशनवर सापडला, अनवाणी, डोळे सुजलेले.

एका औषधाने घात केला म्हणून आजार निघून जात नाही. ज्या औषधाने झालं ते कायमचं बंद, आणि त्याच्या जवळची फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिनही नकोत. लॅमोट्रिजिनसुद्धा डॉक्टरांनी नीट विचार केल्याशिवाय नको. पण त्या कुळाबाहेर औषधं आहेत. भावाला लिथियम दिलं आणि ते त्याला मानवलं. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर पुटकुळ्या उठल्या तेव्हा माझे हात थरथरले. मी वही, नाणं, फोटो सगळं केलं, तोंड बघितलं, ताप बघितला, आणि गोळी बंद न करता डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लिथियमने मुरमं येतात, सोरायसिस असेल तर तो वाढतो. ही ॲलर्जी नव्हे, त्यावर इलाज होतो, गोळी चालू ठेवा. लिथियम, क्लोझापिन, झोपेच्या जुन्या गोळ्या या एकाएकी बंद केल्या तर आजार उसळतो किंवा वेगळाच त्रास होतो. रात्री आपले डॉक्टर भेटले नाहीत तर टेलिमानस १४४१६ हा मनाच्या आजारांसाठीचा सरकारी फोन फुकट आहे आणि त्यावर मराठीत, कानडीत बोलता येतं. फोड आणि तापासाठी मात्र १०८.

झालेली रिॲक्शन सरकारला कळवता येते. १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा टोल-फ्री नंबर आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीत आणि कानडीतही मिळतो. मी उशिरा भरला, पण भरला.

भावाच्या पाकिटात एक कार्ड आहे, मीच लिहून लॅमिनेट करून घेतलं. वर इंग्रजी मोठ्या अक्षरात औषधाचं नाव, खाली मराठीत आणि कानडीत "याने जीवघेणी रिॲक्शन, पुन्हा देऊ नये", त्याखाली टाळायची बाकीची नावं, वर्ष आणि माझा फोन. एक प्रत गावच्या मेडिकलमध्ये दिली आहे, एक गोव्यात त्याच्या मित्राकडे. दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही तो ते पहिल्यांदा काढून दाखवतो. हे जनुक भावंडांत सारखे असू शकतात, म्हणून तेच नाव मी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे, आणि दोन्ही मुलांच्याही.